यमुनाचं बिनगिलाव्याचं घर

माझ्या स्वयंपाकघराची जमीन चार बोटं खाली बसली तेव्हा मी ओट्याशी भाकरी थापत होते. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. आधी आवाज आला, जाड कापड टराटरा फाडावं तसा. मग मधल्या फरशा उभ्या राहिल्या आणि फ्रिज माझ्याकडे झुकला. माझी सून वैशाली दारात होती. ती माझ्याकडे धावणार, तेवढ्यात खालच्या घरातून यमुना ओरडली.

"वैशाली, आत पाऊल टाकू नको! शांते, गॅस बंद कर. मग भिंतीला पाठ लाव आणि कडेकडेने सरक. मधे येऊ नको!"

जमिनीला फट पडली होती. त्या फटीतून मला तिचा पांढरा बुचडा दिसत होता.

"तू आधी बाहेर पळ ना, भवाने!" मी ओरडले.

"तुमचे पाय जिन्यावर वाजल्याशिवाय मी हलत नाही," ती म्हणाली. खालून लोखंडावर हातोडीचे ठोके येत राहिले. ती टेकू आवळत होती.

ते टेकू काढून टाक म्हणून आमच्या सोसायटीने तिला नोटीस दिली होती. नोटिशीच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत मीही होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला चांगली बाई समजायला नको.

यमुना मोरे जेसल पार्कात आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर राहायची. मी बरोबर तिच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर. तिचं छत तीच माझी जमीन. ती रायगडातली, महाडकडची. नवरा दगडू सेंट्रिंगचा मिस्त्री, म्हणजे स्लॅब भरायच्या आधी खाली फळ्यांचा साचा ठोकणारा. ही त्याच कामांवर घमेली वाहायची. उंचीने माझ्या खांद्याला लागेल एवढी. मान मात्र सरळ, सत्तरीतही. डोक्यावर ओझं घेऊन जन्म काढलेल्या बायकांची मान तशीच राहते.

तिला एक सवय होती. हाताला लागेल ते ठोकून बघायची. बोटाची मागची बाजू वळवायची, दोनदा वाजवायची आणि कान लावायची. कलिंगड ठोकायची, माठ ठोकायचा, डॉक्टरकडे गेली तर त्याचं टेबल ठोकायची. चौकच्या कोळीवाड्यातून एक कोळीण आमच्या गल्लीत पाटी घेऊन यायची. यमुनाने एकदा तिची सुरमई उचलून दोनदा वाजवली. कोळीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाय, मासा हाय, भिंत न्हाय." आम्ही हसलो. यमुना हसली नाही. तिने कल्ले उघडून बघितले, "आधी दिसू दे," म्हणाली आणि मासा पाटीत परत टाकला. आम्ही घेतला. दुपारी आमच्या घरात त्याचा वास मरेना.

"आधी दिसू दे" हे तिचं बोलणं. डब्याचं झाकण, नव्या साडीची घडी, लग्न ठरवायला आलेला मुलगा, सगळ्याला तेच.

दगडू गेल्यावर वर्षभराने तिच्या मुलाने, प्रकाशने, घर नवं करायचं काढलं. त्याने पीओपीवाला आणला. त्या माणसाने मोबाइलवर चित्रं दाखवली. छताला पांढरी कमळं, कमळांच्या पोटात निळे दिवे. यमुनाने सगळी चित्रं नीट बघितली आणि विचारलं, "ह्याच्या मागे काय असतं?"

"कुछ नहीं माजी, खाली. सब ढक जाता है."

दुसऱ्या दिवशी प्रकाश कामावर गेला आणि यमुनाने स्टुलावर चढून छताला छन्नी लावली.

माझ्या मांडणीवरची भांडी वाजायला लागली. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. नवव्या दिवशी पितळेचा डबा माझ्या पायावर पडला आणि मी भांडायला खाली गेले. दार उघडंच होतं. आत सगळीकडे धूळ. भिंतींचा हिरवा रंग गेला होता, रंगाखालचा गिलावा गेला होता. कॉलम, बीम, छत सगळं करडं, उघडं. मधल्या विटांच्या भिंतीही तिने सोलून ठेवल्या होत्या.

"काय चाललंय हे? घर आहे की खाण?" मी म्हणाले.

"वहिनी, वर बघा." तेव्हा ती मला वहिनी म्हणायची. "ह्या रेघा दिसतात ना? ह्या फळ्यांच्या. सेंट्रिंगची फळी जशी असते तसा स्लॅब उमटतो. ही बघा, लाकडाची गाठ. ही फळी आमच्या ह्यांची. हा स्लॅब आम्ही भरलाय. हे खाली, मी वर."

मला गाठ दिसली. दगडू काही दिसला नाही. तसं मी तिला सांगितलंही.

"तुम्हाला कसा दिसेल?" ती म्हणाली. "आम्ही घर उभं करायचं. मग गवंडी यायचा, गिलावा मारायचा. मग रंगारी यायचा. आणि मालक आला की म्हणायचा, वा, रंग काय छान लागलाय! जन्मभर मी बांधलं ते दुसऱ्याने झाकलं. हे घर माझ्या नावावर आहे. इथे मी झाकू देणार नाही."

"आणि माझ्या पायावर डबा पडला त्याचं काय?"

"डबा खाली ठेवत जा."

एवढं बोलून ती परत स्टुलावर चढली.

पुढचे दोन महिने तिने तिथेच फळ्या ठोकून काँक्रीट ओतलं. भिंतीला लागून बसायचा कट्टा केला. ओटा केला, त्यावर कडप्पा नाही, ग्रॅनाइट नाही. फडताळ केलं. देवासाठी कोनाडा केला. सगळं करडं, कडा मात्र सुरीने कापल्यासारख्या. ओतलं की त्यावर ओलं गोणपाट टाकायची आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपायची, बाळंतिणीचं करावं तसं. ते वाळेपर्यंत त्यावर कुणाला बसू द्यायची नाही. त्या दिवसांत ती जमिनीवर चटई टाकून झोपली आणि अंगणात चूल मांडून जेवली.

प्रकाश आणि त्याची बायको महिनाभरात मीरा रोडला भाड्याच्या घरात गेले. जाताना तो जिन्यात उभा राहून बोलला, आम्हाला ऐकू जावं म्हणूनच बोलला असणार.

"आई, लोकांना घरी बोलवायची लाज वाटते मला."

"लाज कशाची? मी लुगडं नेसलेय. भिंत नागडी आहे."

समोरच्या घरातल्या कोकिलाबेनने पहिल्यांदा आत डोकावलं तेव्हा तोंडावर हात ठेवला. "जमना मासी, ये घर है के गोडाउन?"

"गोडाउन. और मैं इसका माल," यमुना म्हणाली आणि तिला कट्ट्यावर बसवून चहा दिला. उन्हाळ्याचे दिवस होते. कट्टा गार होता. कोकिलाबेन दीड तास उठली नाही.

तिच्या भाच्याची मुलगी आर्किटेक्टचं शिकत होती. ती आली आणि वेड्यासारखे फोटो काढायला लागली. ती म्हणाली, "आजी, याला ब्रुटलिस्ट म्हणतात. परदेशात मोठमोठ्या इमारती अशा आहेत. लोक पैसे देऊन घर आतून असं करून घेतात."

"पैसे देऊन?" यमुनाने विचारलं. "मग मी चाळीस वर्षं करत होते तेव्हा ते लोक कुठे होते?"

ती मुलगी हसली. इथे एक पिवळा दिवा लावा, कोपऱ्यात निवडुंगाची कुंडी ठेवा, फोटोत चांगलं दिसेल, असं सांगायला लागली. यमुनाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कुंडीच्या मागचा कोपरा मग कोण बघणार?" मुलगी गेल्यावर मला म्हणाली, "हुशार आहे पोरगी. पण तिलाही काहीतरी पुढे ठेवावंसं वाटतंच."

मला ते घर कधी आवडलं नाही. आजही सांगते. बसलं की पाठीला टोचायचं आणि दिवसाही अंधारल्यासारखं वाटायचं. पण एक होतं. त्या घरात जे होतं ते दिसत होतं. त्यामुळेच पुढचं सगळं घडलं.

एका सकाळी ती वर आली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दारात उभी राहून खालच्या आवाजात बोलली.

"तुमच्या मोरीच्या आणि स्वयंपाकघराच्या खाली स्लॅबला चीर आहे. गेल्या महिन्यात केसाएवढी होती. आता नख जातंय. तुम्ही जमीन बादलीने धुता का?"

धुवायचे. रोज दोन बादल्या. रत्नागिरीत आईने शिकवलं तसं. वर गेल्याच दिवाळीत माझ्या मुलाने नव्या फरशा बसवल्या होत्या, जुन्या न काढता त्यांच्यावरच चिकटवून. आमच्या भागात सगळे तसंच करतात. फोडायचं म्हटलं की धूळ, आवाज, कचरा. त्यापेक्षा वरून दुसरी फरशी चिकटवायची आणि दारं खालून बोटभर कापून घ्यायची. यमुनाने कापलेल्या दाराकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो, दोन जमिनी ठेवल्यात तुम्ही माझ्या डोक्यावर!"

"तू छन्नी मारत होतीस तेव्हा चीर पडली असेल," मी म्हणाले आणि दार लावून घेतलं.

तिने सोसायटीला सांगितलं. सेक्रेटरी सावंत म्हणाले, बघू. सावंत माझ्या वर, दुसऱ्या मजल्यावर राहायचे. कचेरीतून रिटायर झालेले, प्रत्येक गोष्टीची फाइल करणारे. ते घर विकून मुलाकडे पुण्याला जायच्या तयारीत होते. सावंतांचं बघणं काही संपेना. तेव्हा यमुनाने जुन्या ओळखीच्या एका सेंट्रिंगवाल्याकडून सहा लोखंडी टेकू आणि चार जाड फळ्या आणल्या आणि आपल्या स्वयंपाकघरात छताला लावल्या. त्या खांबांमधून वाकून ती चालायची, स्वयंपाक करायची. रोज सकाळी एकेक टेकू ठोकून बघायची, सैल वाटला तर आवळायची.

मग सावंतांनी गच्चीवर मीटिंग बोलावली.

"माझ्याकडे गिऱ्हाईक आलं होतं," सावंत म्हणाले. "जाता जाता तळमजल्यावर डोकावलं आणि परत आलंच नाही."

"गिऱ्हाईक शहाणं होतं," यमुना म्हणाली.

"मोरेबाई, तुमच्या त्या टेकूंमुळे बिल्डिंग पडायला आली आहे असं दिसतं."

"दिसतं ते बरोबर आहे."

"तुम्ही इंजिनियर आहात का?"

"नाही. मी हमाल आहे. तुम्ही आत्ता ज्याच्यावर उभे आहात तो स्लॅब माझ्या डोक्यावरून वर आलाय. इंजिनियर खाली खुर्चीवर होता."

कुणीतरी हसलं. यमुना उठून उभी राहिली आणि पदर खोचला.

"आता ऐका. पहिल्या मजल्याचा स्लॅब भरायचा होता त्या दिवशी चांगली रेती आली नाही. खाडीची आली. ती धुवून घ्यायची असते, मीठ जाईपर्यंत. धुतली नाही. मुकादम म्हणाला, टाका. आम्ही टाकली. मीठ सळईला खातं. लगेच नाही खात, दमाने खातं. मला तेव्हाच ठाऊक होतं. ह्यांनाही ठाऊक होतं."

सावंतांनी चष्मा काढला.

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"बोलले असते तर दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं नसतं. प्रकाश अंगावर पीत होता."

"म्हणजे गुन्हा तुमचाच झाला की!"

"झाला," ती म्हणाली. "लिहा तुमच्या फाइलीत. आता मला कामावरून कोण काढतो बघू. म्हणून आज बोलते. पहिल्या मजल्यावर राहू नका. स्लॅब तोडून नवा करा. तोवर माझे टेकू मी काढणार नाही."

सावंतांनी विचारलं, नोटिशीच्या बाजूने कोण? हात वर झाले. माझाही झाला. का, तर नव्या फरशीला अजून वर्ष झालं नव्हतं. माझं स्वयंपाकघर वाईट आहे हे मला ऐकायचं नव्हतं, बस. यमुनाने हात मोजले. माझ्या हातावर नजर थोडी थांबली. मग ती जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी ती परत माझ्या दारात. मला वाटलं, भांडायला आली. म्हणाली, "शांते, खाली चल." वहिनी गेलं, अहो गेलं. तिने मला हाताला धरून खाली नेलं, स्टुलावर चढवलं आणि हातोडी दिली. "इथे मार. हलकं."

मारली. टण्ण वाजलं.

"आता इथे."

भद्द वाजलं. भिजलेल्या पुठ्ठ्यावर मारावं तसं. आणि माझ्या तळहातावर एक पापुद्रा पडला, तांबडा, बोटात धरला तर भुगा झाला.

"ही तुझी सळई," यमुना म्हणाली. "ह्याच्यावर तू उभी राहून भाकऱ्या करतेस."

त्या दिवसापासून बादल्या बंद केल्या. फ्रिज मधून काढून भिंतीकडे सरकवला. घर सोडलं नाही. कुठे जाणार? मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, त्या बाईच्या नादी लागू नको." सावंतांकडे जाऊन हात मागे घेतला असता, पण तेही केलं नाही. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती. तिच्यात होती.

नोटिशीची मुदत संपली तेव्हा सावंतांनी प्रकाशला फोन केला. तो दोन माणसं घेऊन आला. मी जिन्यातून बघत होते. यमुना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती. मांडीवर ताट, ताटात तांदूळ. ती खडे काढत होती.

"आई, ऊठ. काढू दे त्यांना."

"काढा की. आधी मला उचला."

"आई, पाया पडतो तुझ्या. लोक मला फोन करून शिव्या देतात."

"दे मला फोन. मी घालते त्यांना."

एक माणूस हसला. दुसऱ्याने आत वाकून वर बघितलं. बराच वेळ बघितलं. तो प्रकाशला म्हणाला, "साहेब, हे मी नाय काढणार. हे काढलं तर आपणच जाऊ." आणि दोघंही निघून गेले. प्रकाश एकटा उभा राहिला. मग तो वाकून आत गेला, एक टेकू हलवून बघितला, हात पुसले आणि आईशेजारी बसून खडे काढायला लागला. त्या दोघांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी वर गेले.

त्यानंतर अकराव्या दिवशी माझी जमीन बसली.

टेकूंनी धरलं. बसलेली जमीन तशीच लटकून राहिली. मी गॅस बंद केला, भिंतीला पाठ लावली आणि कडेकडेने दारापर्यंत सरकले. वैशालीने मला ओढून बाहेर घेतलं. जिन्यात येऊन मी मुद्दाम पाय आपटले. "आलो! यमुने, आलो आम्ही! नीघ!" हातोडी थांबली. ती बाहेर आली ती नखशिखान्त पांढरी, डोळे तेवढे काळे. बाहेर आल्या आल्या तिने बिल्डिंगकडे तोंड केलं आणि एकेका घराला हाका मारायला लागली. कोकिलाबेन नेसत्या साडीने आली. दुसऱ्या मजल्यावर सावंत कुलूप शोधत होते. यमुना खालून ओरडली, "सावंत, फाइल राहू दे! माणूस खाली आण!"

सावंत बायकोला घेऊन उतरले. त्यानंतर दहा मिनिटं गेली असतील. मग माझं स्वयंपाकघर तिच्या स्वयंपाकघरात गेलं. फ्रिज, ओटा, दोन्ही फरशा. टेकू काडीसारखे वाकले. अग्निशमनची माणसं आली. एकाने यमुनाला पाण्याची बाटली दिली. तिने ती माझ्या हातात दिली आणि त्यालाच विचारलं, "वरची सगळी मोजलीत का?"

सावंत चार लोकांत म्हणाले की तिच्या ठोकाठोकीने पडलं. तपासायला आलेल्या इंजिनियरने सळईचा तुकडा उचलला, बोटांनी चुरला आणि त्यांच्या हातावर ठेवला. यमुनाने फक्त त्यांच्या हाताकडे बघितलं.

बिल्डिंग रिकामी केली. आम्ही पांगलो. यमुना चेणे गावात भाच्याकडे गेली. तिथे मी तिला एकदाच भेटले, गेल्या वर्षी. भाचा घर बांधत होता आणि त्या दिवशी स्लॅब होता. रेतीचा ट्रक लागला होता. यमुना काठी टेकत ट्रकापाशी गेली, मूठभर रेती घेतली, चिमूट जिभेवर ठेवली. ड्रायव्हर म्हणाला, "माजी, रेती है, फरसाण नहीं." तिने चव घेतली, थुंकली, आणखी एक चिमूट घेतली. सगळे मजूर घमेली खाली ठेवून तिच्या तोंडाकडे बघत उभे. भाचा घड्याळ बघत होता. शेवटी तिने मान हलवली, "टाका," म्हणाली आणि मला न बघताच वर निघाली, शिडीवरून, फळ्या मोजत. मी खालून हाक मारली. तिने हात वर केला, थांब म्हणून. मी बराच वेळ थांबले. मग माझी बस आली. पावसाळ्यानंतर ती गेली असं प्रकाशने फोनवर सांगितलं. झोपेत गेली.

बिल्डिंग पडली तेव्हा मेलं कोण, असं लोक मला अजून विचारतात. कोणी नाही. त्या दोन स्वयंपाकघरांत तिघी होतो. मी, वैशाली आणि यमुना. तिघी जगलो. कोकिलाबेन जगली. सावंतही जगले.